पाहुणा निघतो, घर जागं राहतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कविता लिहिणाऱ्या, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं कॉम्प्युटरवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना हसू येईल. खुशाल हसा. बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून देणारे पुष्कळ भेटतात, पण आपलं काम आपणच कसं घालवलं हे सांगणारे थोडे असतात. मी आज तेवढंच सांगायला आलो आहे.

सांगलीच्या बाजारपेठेत माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, उरुसाची पत्रकं, पतसंस्थांचे अहवाल असं काम दिवसभर चाले. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तासभर माझा. त्या तासात मी माझ्या कविता त्याच मशीनवर टाइप करत असे. मशीनमध्ये विंडोज एक्सपी आणि त्यावर मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर. ते फाँट आजच्या युनिकोडसारखे नव्हते. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच संकेत साठवलेले असत. फाँट त्यांच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवी. फाँट नसला की मुखवटा गळून पडे आणि कवितेच्या जागी कंस, टिंबं आणि एबीसीडीची खिचडी दिसे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं. सांगलीकरांना २००५ चा पूर आठवत होताच. हा त्याहून मोठा निघाला. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा माझं मशीन चिखलानं भरलेलं होतं. नशीब एवढंच की, कवितांच्या फाइली एका पेन ड्राइव्हवर, आणि एक्सपीची व फाँटची सीडी, फाँटचं यूएसबी डोंगल हे सगळं मिरजेच्या घरी कपाटात होतं. नवा कॉम्प्युटर घेतला, पण जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना.

तेव्हा पुण्याहून भाचा आला. तो म्हणाला, ‘‘मामू, काळजी करू नका. तुमचा जुना कॉम्प्युटर आपण नव्याच्या पोटात ठेवू.’’

मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. पण त्यानं खरंच तसं केलं. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ नावाचा एक प्रोग्रॅम असतो. एका जर्मन कंपनीनं तो केला, २००७ साली लोकांसाठी खुला झाला, पुढच्या वर्षी तो सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेला. हा प्रोग्रॅम तुमच्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर उभा करतो. खऱ्या मेमरीतला एक वाटा त्याला देतो. खऱ्या हार्ड डिस्कवर एक मोठी फाइल करतो आणि आतल्याला सांगतो, ही तुझी हार्ड डिस्क. आतल्याला पडदाही मिळतो, तो म्हणजे आपल्या पडद्यावरची एक चौकट. त्या चौकटीत भाच्यानं एक्सपी घातलं, फाँट बसवला, आणि माझ्या कविता जशाच्या तशा उमटल्या. इंटरनेट मात्र त्यानं आत जोडलं नाही. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबली, त्यामुळे त्याला बाहेरच्या वाऱ्यात सोडू नये, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर आहे.

ही कल्पना आजची नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयबीएमच्या लोकांनी एका मोठ्या यंत्रात अशी अनेक यंत्रं चालवून दाखवली. प्रत्येक वापरणाऱ्याला वाटे की अख्खं यंत्र आपलंच आहे. आज मोठमोठ्या सर्व्हरवर एकाच लोखंडी पेटीत असे कितीतरी कॉम्प्युटर नांदत असतात. एकाला बंद करून पुन्हा चालू केलं तरी शेजारच्याला पत्ता नसतो.

या विद्येत बाहेरच्या आणि आतल्या कॉम्प्युटरला इंग्रजीत जी नावं आहेत, त्यांचा सरळ मराठी अर्थ यजमान आणि पाहुणा असा होतो. आमच्या घरात पाहुण्याला मेहमान म्हणतात. मला हे नाव फार आवडलं. आणि तिथंच माझा पहिला प्रश्न उभा राहिला. पाहुण्याला निरोप द्यायचा कसा?

पहिल्या संध्याकाळी माझं काम आटोपलं, तेव्हा त्याच कॉम्प्युटरवर मुलीचा परीक्षेचा फॉर्म अर्धा भरलेला होता. मी चौकटीतलं स्टार्ट बटण दाबलं, ‘टर्न ऑफ कॉम्प्युटर’ वर बाण नेला आणि थांबलो. हे दाबलं तर सगळंच बंद पडेल की काय? मुलीचा फॉर्म जाईल, आणि मग माझं काय होईल? भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘दाबा मामू. त्याला खरा स्विच माहीतच नाही.’’

मी दाबलं. एक्सपीनं आपला पसारा आवरला, चौकट काळी झाली आणि मिटली. मागे मुलीचा फॉर्म जसाच्या तसा उभा होता. भाचा म्हणाला ते खरं होतं. पाहुणा जी वीज बंद करतो ती कल्पनेतली असते. तो ज्या बटणाला हात लावतो ते यजमानानं त्याच्यापुरतं केलेलं असतं. पाहुणा उठून गेला तरी घराचे दिवे जळत राहतात.

काळजी एकच घ्यायची. चौकट पूर्ण पडदाभर केली असेल, तर दिसणारं स्टार्ट बटण पाहुण्याचं की घराचं, हे आधी पाहायचं. माझ्याकडे उजवीकडची कंट्रोल की आणि एफ एकदम दाबलं की चौकट लहान होते आणि कोण कुठं आहे ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. ती चौकट वरच्या कोपऱ्यातल्या फुलीनं मिटायला गेलं, तर यजमान तुम्हाला विचारतो, काय करू? उत्तरं तीन असतात.

पहिलं, आहे त्या अवस्थेत जपून ठेव. म्हणजे पाहुण्याला बसल्या जागी झोपवायचं. त्याच्या मेमरीत जे जे आहे ते सगळं डिस्कवर लिहिलं जातं, आणि उद्या उठवलं की अर्धवट ओळीसमोर कर्सर तिथंच लुकलुकत असतो.

दुसरं, बंद होण्याचा इशारा दे. ही विनंती असते. जणू कुणी कॉम्प्युटरचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबलं, असं पाहुण्याला कळवलं जातं. ही एसीपीआय नावाची पद्धत इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणली. त्याआधीचं विंडोज ९५ ज्यांनी वापरलं, त्यांना आठवत असेल: बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येत, ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’, आणि मग आपण हातानं स्विच दाबायचा. एसीपीआय आल्यापासून बटण आणि विंडोज एकमेकांशी बोलू लागले. पण विनंती ती विनंतीच. पॉवर बटण दाबल्यावर काहीच करू नकोस, असं पाहुण्याला आधी सांगून ठेवलं असेल तर तो हलत नाही. एखादी फाइल जतन करायची राहिली असेल तर तो ‘जतन करू का?’ असं विचारत थांबतो. उत्तर द्यायला आपण चौकटीसमोर हवं.

आणि तिसरं उत्तर, वीज तोड. म्हणजे प्लग ओढायचा. आतला कुणाशी बोलत होता, काय लिहीत होता, कशाचाही विचार नाही.

मला पहिल्या उत्तराची चटक लागली. रोज रात्री पाहुण्याला झोपवायचं, रोज संध्याकाळी उठवायचं. मी २००५ च्या पुरावर लिहिलेल्या कविता २०१९ चा पूर पाहिल्यावर मला खोट्या वाटू लागल्या होत्या. तेव्हा मी पूर लांबून पाहिला होता, आता तो माझ्या दुकानातून गेला होता. म्हणून त्या कविता मी साध्या वर्डपॅडमध्ये उघडून ओळ ओळ बदलत होतो. सगळं रोज जसंच्या तसं परत मिळत होतं, म्हणून फाइल जतन करायची माझी सवयच सुटली. दुकानात वीस वर्षं दर दोन मिनिटांनी कंट्रोल-एस दाबणारा मी, पाच आठवडे ते बटण विसरलो.

पुढच्या एका मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला. वीज गेली. यूपीएस ओरडू लागला. त्याची बॅटरी जुनी, चार-पाच मिनिटांची सोबत. मी घाबरून फुलीवर क्लिक केलं. तीन उत्तरं समोर आली. सगळ्यांत लवकर उरकेल असं वाटलं ते तिसरं. दाबलं. चौकट क्षणात गेली. मग खरा कॉम्प्युटर रीतसर बंद केला आणि मेणबत्ती लावून, आपण वेळेवर सावध झालो या समाधानात चहा प्यायलो.

वीज आल्यावर एक्सपी सुरू केलं. ते व्यवस्थित सुरू झालं. त्याची फाइलपद्धत आपल्या व्यवहाराची रोजकीर्द ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी सहसा घराच्या भिंती उभ्या राहतात. पण जे डिस्कवर कधी लिहिलंच नाही, त्याची नोंद कुठल्या रोजकीर्दीत असणार? फाइल उघडली. पाच आठवड्यांपूर्वीची होती. आदल्या रात्रीची झोपेतली अवस्था तरी मिळेल म्हणून शोधलं, तर तीही नव्हती. पाहुण्याला उठवलं की ती झोप मोडते आणि तिची फाइलही जाते.

भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘मामू, झोपवलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या एक्सपीला मेमरी ५१२ एमबी. ती लिहायला काही सेकंद पुरले असते.’’ म्हणजे ज्या सवयीनं मला आळशी केलं, तिनंच त्या दिवशी मला वाचवलं असतं. मला सुचलं नाही. प्रोग्रॅमचा यात काही दोष नाही. त्यानं तीन दारं दाखवली होती. मी घाईचं निवडलं.

श्रोतेहो, पुरानं जे नेलं नव्हतं ते मी एका क्लिकनं घालवलं. कविता पुन्हा लिहिल्या. पण एका कवितेत पाणी ओसरल्यानंतरच्या वासासाठी मला एक शब्द सापडला होता. सापडला होता एवढं आठवतं, शब्द आठवत नाही. आजही नाही.

आता माझा नेम असा. आधी कंट्रोल-एस. मग वर्डपॅड मिटायचं. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर, पाहुण्याच्या घराबाहेर. मग पाहुण्याच्याच स्टार्ट बटणातून त्याला बंद होऊ द्यायचं आणि चौकट आपोआप मिटेपर्यंत थांबायचं. जेवायला उठायचं असेल तर झोपवायला हरकत नाही, पण जतन करून झोपवायचं. इशारा पाठवायचा तो आतला माउस हाताला लागत नसेल तेव्हा. वीज तोडायची ती पाहुणा पूर्ण गोठला आणि दुसरा इलाजच उरला नाही तर. आणि पाहुणा आत असताना घराचा मेन स्विच कधीच बंद करायचा नाही.

माझी अम्मी मेहमान निघाले की स्वयंपाक टाकून फाटकापर्यंत जायची. त्यांच्या पिशव्या, चष्मे, पोरांच्या चपला सगळं बरोबर आहे ना, ते स्वतः पाहायची. रिक्षा वळेपर्यंत उभी राहायची आणि मगच आत येऊन चुलीवरचं परतायला घ्यायची. आम्हा मुलांना भूक लागलेली असे, आम्ही कुरकुरत असू. ती म्हणायची, ‘‘घर कुठं पळून चाललंय?’’

सध्या रोज दोन कविता त्या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणतो आहे. अक्षरं तपासावी लागतात, रफार आणि जोडाक्षरं चुकतात, वेळ जातो. सगळ्या बाहेर आल्या की एक्सपीचा मुक्काम संपेल. त्या दिवशीही त्याला स्टार्ट बटणातूनच जाऊ देणार आहे.