पडद्यावरचा खेळ आणि बालशिक्षण



लहान मुलाच्या हाती मोबाईल दिसला की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. आणि तेच मूल जेवताना रडू लागले की तोच मोबाईल त्याच्या हाती देऊन मोकळे होणारेही बहुधा घरातीलच असतात. निषेध आणि सोय यांच्या या ओढाताणीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या खेळांतून मूल नेमके शिकते तरी काय?

खेळातून शिकवण देणे ही कल्पना या समाजाला नवी नाही. आजच्या सापशिडीचे जुने रूप म्हणजे ज्ञानचौपड. जैन परंपरेत ती ज्ञानबाजी म्हणून ओळखली गेली. कापडावर किंवा कागदावर रंगविलेले हे पट पर्युषणकाळात खेळले जात. शिडीने वर चढायचे ते सद्गुणामुळे आणि सापाने खाली घसरायचे ते दुर्गुणामुळे, अशी त्याची मांडणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि काळाच्या ओघात घरांवरील नावे गळून पडली. साप राहिले, शिड्या राहिल्या. शिकवण मात्र हरपली. पडद्यावरील खेळांचे मूल्यमापन करताना हे उदाहरण ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

१९८५ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आणला. शिगेरू मियामोतो हे त्याचे प्रमुख रचनाकार. खेळाच्या आरंभी सूचनांची पाटी नाही. नायक डावीकडे उभा आणि उजवीकडे मोकळी जागा. म्हणून मूल आपोआप उजवीकडे निघते. समोरून एक छोटा शत्रू चालत येतो. त्याला धडकले की डाव गेला. परंतु क्षणार्धात पुन्हा आरंभ होतो. दुसऱ्या खेपेस मूल उडी मारून पाहते आणि वाट मोकळी होते. चूक झाली, तिचे कारण कळले, उपाय बदलला, यश आले. शिक्षणाची ही चार पावले तेथे मूल रागावणी न खाता चालते. परीक्षेत दोन गुण कमी पडले तर चार नातेवाईकांत चर्चा होते; येथे दहा वेळा हरले तरी अकरावा प्रयत्न खुला असतो. अपयशाने खचून न जाणे, हा या खेळांचा पहिला पाठ होय.

दुसरे उदाहरण ‘टेट्रिस’चे. १९८४ साली मॉस्को येथील संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून उतरतात. ते फिरवून फट न ठेवता बसवायचे. कागदी नमुने उलटसुलट फिरवून, चिंधी कमीत कमी पडेल असे कापड बेतणारा शिंपी जे करतो, तेच मूल येथे करते.

तिसरे उदाहरण ‘माइनक्राफ्ट’चे. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली त्याचा आरंभ केला. पूर्ण स्वरूपात तो २०११ साली आला. लाकडापासून फळ्या, फळ्यांपासून कामाचे मेज, मेजावर कुदळ आणि कुदळीने दगड, असा क्रम पाळत तेथे घर उभारता येते. सामग्रीचा हिशेब आणि कामाचा क्रम यांचा तो सराव आहे. त्यात हल्लेखोर प्राणी येणारच नाहीत अशी ‘पीसफुल’ व्यवस्थाही निवडता येते. अहिंसेचा संस्कार जपणाऱ्या घरांनी खेळ निवडताना असा विवेक अवश्य करावा.

परंतु नाण्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. व्हॅलेरी सिम्स व रिचर्ड मेयर या अमेरिकी संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टेट्रिसमध्ये निपुण असलेले खेळाडू त्या खेळातील आकार मनात फिरविण्यात सरस ठरले. आकारज्ञानाच्या इतर कसोट्यांत मात्र ते विशेष पुढे नव्हते. म्हणजे खेळात मिळालेले कौशल्य आपोआप जीवनात उतरत नाही. ते उतरविण्यासाठी पूल बांधावा लागतो आणि ते काम यंत्र करीत नाही, माणूस करतो.

हा पूल बांधणे अवघड नाही. मूल खेळत असता वीस मिनिटे शेजारी बसावे. कोठे अडलास? मग काय बदलून पाहिलेस? एवढे दोन प्रश्न पुरेत. प्रवासाची बॅग भरताना त्याला म्हणावे, “टेट्रिससारखे बसव पाहू.” गणित चुकले की मारिओच्या उडीची आठवण द्यावी. आजोबांनी नातवाकडून खेळ शिकावा. कारण दुसऱ्याला शिकविताना आपले ज्ञान पक्के होते. खेळ थांबविण्याची वेळ आधी सांगावी आणि चालू डाव संपू द्यावा. हिसकावून घेतल्याने संयम शिकविला जात नाही.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना बसून पडदा पाहू देऊ नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी असेल तितके उत्तम. त्याच संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर आसक्तीला विकार म्हणून स्थान आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तथापि ‘फुकट’ खेळात नाणी आणि पोशाख विकत घेण्याचे प्रलोभन निराळेच. फुकटाचा माल गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी चढविण्यासाठी असतो, हे व्यापारी घरांना सांगावे लागू नये. पैसे भरण्याचा सांकेतिक क्रमांक मुलांच्या हाती न देणे, हे पालकांचेच कर्तव्य.

ज्ञानबाजीच्या पटावर सोंगटी थांबली की त्या घराचे नाव वाचून त्याचा अर्थ सांगणारे कोणी शेजारी असेल, तरच तो खेळ ज्ञानाचा. एरवी ते केवळ फाशांचे दान. पडद्यावरच्या खेळाचेही तसेच आहे. मुलाच्या हाती खेळ देण्यापूर्वी पालकांनी स्वतःला इतकेच विचारावे, की त्याच्या शेजारची जागा भरलेली आहे की रिकामी?