पीककर्जात न बसणारं घर

पेणकरपाड्यात किंवा मीरा-भाईंदरच्या दुसऱ्या एखाद्या वस्तीत राहणाऱ्याला शेतकऱ्याचं कर्ज हा लांबचा विषय वाटेल. पण शेतकरी घराला उसन्या पैशाची काय किंमत मोजावी लागते, हे ठाणे जिल्ह्यानं फार जवळून पाहिलं आहे. आज पालघर जिल्ह्यात असलेला डहाणू-तलासरीचा भाग 2014 पर्यंत ठाण्यातच होता. तिथे लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला वारली ‘लग्नगडी’ होऊन बायकोसकट त्याच्या शेतावर राबत असे. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती वेठ झुगारली. ज्या कर्जानं माणूस बांधला गेला, ते बियाण्यासाठी घेतलेलं नव्हतं, घरच्या कार्यासाठी घेतलेलं होतं. आपली पीककर्जाची व्यवस्था पिकाचा खर्च मोजते, पण घराची ही गरज अजूनही जेमतेमच मोजते, असं माझं म्हणणं आहे.

झालेली प्रगती नाकारायचं कारण नाही. 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत सरकार, सहकारी संस्था आणि बँका मिळून शेतकऱ्याला जेमतेम सात टक्के कर्ज पुरवत होत्या. 2019 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हा वाटा फेडायच्या बाकी असलेल्या एकूण कर्जाच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर गेलेला दिसतो. पण त्याच सर्वेक्षणात असंही दिसतं, की शेतकरी कुटुंबांच्या डोक्यावरच्या कर्जापैकी शेतीसाठी घेतलेलं कर्ज फक्त 57.5 टक्के आहे. बाकीचं घरबांधणी, आजारपण, लग्न, शिक्षण अशा कारणांसाठी आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत घरखर्चाला जागा आहे, नाही असं नाही. पिकासाठी ठरलेल्या एकरी कर्जरकमेवर दहा टक्के वाढवून मिळतात आणि काढणीनंतरचा खर्चही त्यातच बसवायचा असतो. हिशेबापुरती भाताची ही रक्कम एकरी 25,000 रुपये धरली, तर एक एकरवाल्याला घरासाठी वर्षाला 2,500 रुपये मिळतात. एवढ्यात दवाखान्याची एक खेपही नीट निभत नाही. मग खतासाठी घेतलेले पैसे औषधाला जातात आणि खत दुकानदाराकडून उधारीवर येतं. मार्चअखेर कर्ज ‘नवं-जुनं’ करायची वेळ आली, की थोड्या दिवसांसाठी बाहेरून जबर व्याजानं पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे आणि नवं कर्ज मिळालं की ते फेडायचे. मुदतीत परतफेड करणाऱ्याला सरकारी सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. त्या सवलतीसाठी केलेली ही धावपळ वाचलेल्या व्याजाचा मोठा वाटा सावकाराच्याच पदरात टाकते.

घरखर्चासाठी पैसे दिले तर ते उधळले जातील आणि बुडतील, असा आक्षेप घेतला जातो. पण हा खर्च बँकेच्या परवानगीसाठी थांबत नाही. तो आजही होतोच, फक्त महाग पैशानं होतो. शिवाय 1992 पासून नाबार्डनं बँकांशी जोडलेले बचत गट आजारपणाला, शाळेच्या फीला कर्ज देत आले आहेत, आणि गटातल्या बायका ते फेडत आल्या आहेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कर्ज वाढवलं तर कर्जबाजारीपणा वाढेल. ज्याच्या हाती पुरेसं उत्पन्नच नाही, त्याच्याबाबतीत हे खरं आहे, आणि तिथे कर्जाऐवजी चालणारा सरकारी दवाखाना आणि रोजगार हमीचं वेळेवर मिळणारं काम लागतं. कर्जमाफीनंही हा प्रश्न सुटत नाही. 2017 ची असो वा 2019 ची, माफी बँकेच्या खात्यावरच्या कर्जाची झाली. खंडानं किंवा अर्धेलीनं शेत कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, म्हणून त्याला मुळात पीककर्जच सहसा मिळत नाही, मग माफी कुठून मिळणार? म्हणून दोन गोष्टी आधी व्हाव्यात: लहान खातेदाराची घरखर्चाची मर्यादा एकरावर न ठरवता एका किमान रकमेवर ठरावी, आणि कसणाऱ्यांच्या गटाला सातबाऱ्याशिवाय, एकमेकांच्या हमीवर, सोसायटीनं कर्ज द्यावं. अशा संयुक्त देयता गटांना कर्ज देण्याची तरतूद नाबार्डच्या योजनेत आधीपासून आहे. ती गावच्या सोसायटीच्या टेबलापर्यंत पोचवण्याचं काम जिल्हा बँकेनं खरिपाच्या आधी हाती घ्यावं.