ओळखीच्या शब्दांचा दगा



नवी भाषा शिकताना अनोळखी शब्द छळतात, असा सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव उलटा. बंगाली शिकताना आम्हाला दगा दिला तो ओळखीच्याच शब्दांनी. कोलकात्यात एका वृद्ध बाईंशी बोलताना आम्ही मोठ्या ऐटीत 'विश्वास' म्हणालो. त्या नुसत्या पाहत राहिल्या. शेवटी बंगाली अक्षरांत लिहून दाखवले, तेव्हा हसून म्हणाल्या, "ओ, बिश्शाश!"

शब्द तोच, लिहिणेही तेच. उच्चार मात्र निराळा. 'लक्ष्मी'ची तिकडे 'लोक्खी' होते, 'स्वामी'चा 'शामी'. 'ण' लिहितात, म्हणतात 'न'. 'अ'ची तर गंमतच आहे: 'जल'चे 'जॉल' होते, आणि 'मन'चे 'मोन'!

हे सारे अशुद्ध आहे आणि आपण तरी शुद्ध बोलावे, असा आमचा हट्ट होता. खरी आडकाठी तीच. जरा घरात डोकावून पाहावे. 'यात्रा'ला बंगाली माणूस 'जात्रा' म्हणतो म्हणून आपण हसतो. पण आपल्या गावोगावी 'जत्रा'च भरते ना? 'ज्ञान' आपण 'द्न्यान' म्हणतो, हिंदीभाषक 'ग्यान' म्हणतो. 'श' आणि 'ष' यांतला भेद या मंडपात किती जण पाळत असतील? (आम्ही पाळत नाही, हे कबूल करून टाकतो.)

मग आम्ही पुस्तक मिटले. बंगाली वाक्ये देवनागरीत उतरवून पाठ करण्याची सवयही सोडली. कारण 'मन' असे लिहिले की जीभ मराठी 'मन'च म्हणणार. शेजारच्या बंगाली कुटुंबाला विनवले, भिडेखातर आमची चूक सोडू नका. एकच वाक्य चार वेळा ऐकायचे, मग म्हणायचे. हल्ली खिशातल्या फोनवर आपलाच आवाज टिपून ऐकता येतो. प्रथम ऐकताना लाज वाटते, पण चूक नेमकी कुठे आहे ते कानाला कळते. वयाची सबब तर सांगूच नये. १९७० च्या सुमारास पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या बाईंकडे गेलो. उन्हाचे दिवस होते. आम्ही 'जॉल' मागितले. त्या काही न बोलता आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या.