नुसते ओठ हलव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'मुलांमधली संगीताची जाण' या विषयावर बोल, असा आयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अरे, नंबर चुकलाय तुमचा." वर्गात माझी ओळख गणितवाली म्हणून. पुढे इंजिनीअर झाले, गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. गाण्याशी माझा संबंध काय? तोच आज सांगणार आहे.

पाचवीत होते. १५ ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालू होती. तिसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, "तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव." कोणी सांगितलं हे महत्त्वाचं नाही. कार्यक्रम चांगला व्हावा म्हणूनच सांगितलं होतं. पण मी भलतीच आज्ञाधारक! पुढची तेहतीस वर्षं नुसते ओठच हलवले. आरतीत टाळ्या वाजवल्या, राष्ट्रगीत मनात म्हटलं. लेक झाली तेव्हा अंगाईसुद्धा मोबाइलवर लावली.

दोन वर्षांपूर्वी लेकीला पेटीच्या क्लासला सोडायला जायचे. क्लासच्या बाई म्हणाल्या, "बाहेर बसण्यापेक्षा आत बसा की." मी म्हटलं, "मी बेसूर आहे हो." त्या म्हणाल्या, "तुम्हाला सोपा जाईल तिथे 'सा' लावा." मी घाबरत घाबरत लावला. त्यांनी पेटीवर शोधला आणि म्हणाल्या, "पांढरी चार. अहो, आवाज बेसूर नाही, खालचा आहे."

बायकांचा आवाज बहुधा काळी चार, काळी पाच असा वरच्या पट्टीत असतो. आमच्या समूहगीताची पट्टी चांगलं गाणाऱ्या दोघीतिघींच्या गळ्याला बघून ठरली होती. गाणं तारसप्तकात गेलं की मला तो सूर गाठता यायचा नाही, मग मी खालचाच कुठला तरी धरून ठेवायचे. आमच्या धंद्यात उत्तर चुकलं की आधी आत काय घातलं ते तपासतात. माझ्या बाबतीत पट्टी कोणी तपासलीच नाही.

तेव्हापासून मी या विषयावर थोडं वाचायला लागले. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली मांडलं की बुद्धी एकच नसते, अनेक असतात. त्याने तेव्हा सात सांगितल्या. भाषेची आणि गणिताची जशी, तशीच संगीताचीही स्वतंत्र बुद्धी. या मांडणीला भक्कम पुरावा नाही, असं म्हणणारे मानसशास्त्रज्ञही बरेच आहेत. पण एक गोष्ट आपण सगळ्यांनी वर्गात पाहिली आहे. काही मुलांना ऐकलेली चाल एकदाच्या ऐकण्यात पाठ होते, पेटी किंचित उतरली तरी खटकते, आणि हात रिकामे असले की बोटं ताल धरतात. ही मुलं निबंधात मागे असतील, पण त्यांचं डोकं चालू असतं.

एडविन गॉर्डन या संगीतशिक्षणतज्ज्ञाने आणखी एक सांगितलं. आवाज नसतानाही सूर मनात ऐकू येणं आणि त्याचा अर्थ लागणं, हा संगीत समजण्याचा पाया आहे. त्याच्या मते ही उपजत क्षमता साधारण नवव्या वर्षापर्यंत सभोवतालच्या गाण्यामुळे वाढते किंवा खुरटते. पुढेही माणूस शिकतोच, पण मुळं त्या वयात धरतात. आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलांची 'गाणारी' आणि 'न गाणारी' अशी वाटणी करून टाकतो.

उलट टोकही सांगते. बाळाला मोझार्ट ऐकवला की ते हुशार होतं, असं म्हणून कितीतरी सीडी खपल्या. मूळ प्रयोग १९९३ चा, आणि तोही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा. आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यात त्यांना थोडे जास्त गुण पडले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला. तेव्हा गणित सुधारावं म्हणून मुलांना गाणं शिकवू नका. गाणं यावं म्हणून शिकवा, तेवढं पुरे आहे.

आता एक कबुली. तुम्हाला आठवत असेल, मी वर्गाची मॉनिटर होते. सर वर्गात नसले की फळ्यावर नावं लिहायचं काम माझं. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बाक वाजवायचा. लेझीमची हलगी जशीच्या तशी दोन बोटांत उतरवायचा, आणि माझ्या यादीत त्याचं नाव कायम असायचं. छड्या तो खायचा. मला ज्यांनी गप्प केलं त्यांच्यावर मी इतकी वर्षं मनातून रुसले, पण मी स्वतः काय केलं हे कधी डोक्यातच आलं नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी त्याला विचारलं, "आठवतं का रे?" तो हसला. म्हणाला, "अगं, तू माझं नाव नेहमी पहिलंच लिहायचीस." मग म्हणाला, "शाळा सुटली तसं वाजवणंही सुटलं. तिशी उलटल्यावर गावात सप्ताह होता, पखवाजवाला आला नाही. कोणीतरी म्हणालं, तू बस." आता तो भजनी मंडळात पखवाज वाजवतो. मधली पंधरा-सोळा वर्षं गेली, त्यातला थोडा हिशेब माझ्याकडे निघतो. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं रे.

आपल्यापैकी बरेच जण आज पालक आहेत, काही जण शिक्षकही. तीनच गोष्टी सांगते. मूल सुरात लागत नसेल तर आधी पट्टी खाली आणून पाहा, त्याच्या 'सा'पासून सुरुवात करा. रोज पाच मिनिटं मुलांबरोबर गा. तुम्ही एक ओळ म्हणा, ते म्हणू दे. आठ मात्रांचा केरवा टाळ्यांवर धरा, सहाचा दादरा धरा. आपण पाढे आणि कविता चालीवरच शिकलो ना? आणि तिसरं, परीक्षा, स्पर्धा, टीव्हीचे कार्यक्रम यांची घाई करू नका. आधी ऐकू द्या, चुकू द्या. सुराची जाण खरोखर नसलेली माणसं असतात, पण फार थोडी. तुमचं मूल त्यातलं आहे, हे एका तालमीत ठरवू नका.

मी आजही काही फार छान गात नाही. पण मेळावा संपताना आपण शाळेची प्रार्थना म्हणणार आहोत. सर, बाई, या वेळी मी मागच्या रांगेत उभी राहणार नाही आणि नुसते ओठही हलवणार नाही. फक्त पेटीवाल्याला एक विनंती आहे, पट्टी जरा खाली घ्या. आणि पखवाज आणलेला आहे, मी पाहिलाय. वाजवणाऱ्याचं नाव मी फळ्यावर लिहिणार नाही.