उतरण

(ज्युबिली महोत्सवानिमित्त करकंब येथील कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मगुरूने गेल्या वर्षांचा हिशेब सांगावा, कोणी विहीर खणली, कोणी घंटा दिली, याची उजळणी करावी, असा परिपाठ आहे. ते सर्व पुस्तिकेत छापून येणारच आहे. म्हणून त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आज बोलायचे आहे ते बागेविषयी व घराविषयी. आणि त्या ओघात आमच्या एका चुकीविषयीही.

ज्युबिली म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंडप, पताका आणि जेवणावळ उभी राहते. ज्या इब्री शब्दावरून हा शब्द आला, त्याचा अर्थ एडक्याचे शिंग. लेवीय नामक ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, पन्नासाव्या वर्षी ते शिंग फुंकावे, त्या वर्षी शेतात पेरणी करू नये, आणि प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत जावे. सेमिनरीत हा अध्याय आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. जमिनीला विसावा आणि मनुष्याला घर, या दोन गोष्टी एकाच आज्ञेत का आल्या, हा प्रश्न आमच्या मनात त्या वेळी आला नाही. तो आला पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही येथल्या एका पानमळ्यात.

तुम्हांपैकी पुष्कळांचे हात पानमळ्यात राबलेले आहेत. तेव्हा तुम्हांस नागवेल शिकविणे म्हणजे सुतारापुढे रंधा मिरविणे होय. तथापि आमच्यासारखा पुस्तकी मनुष्य प्रथमच त्या सावलीत शिरतो तेव्हा त्यास काय दिसते, ते ऐका. बाहेर सोलापूरचे ऊन. पाऊस वर्षाकाठी वीस-बावीस इंच, तोही भरवशाचा नव्हे. आणि आत शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या आडोशाला विहिरीच्या काठासारखा गारवा. नागवेल बियांपासून करीत नाहीत, वेलीचीच कांडी लावतात. तिला चढण्यास झाड हवे, म्हणून झाडांची लागण आधी. म्हणजे वेलीच्या आधी तिच्या आधाराची काळजी! लग्न ठरविताना आपण मुलीचे दागिने मोजतो. ती ज्या घरावर विसंबून वाढणार, ते घर उभे आहे की नाही, हे किती जण पाहतात?

मळ्याच्या वृद्ध मालकांना सारे गाव आबा म्हणते. त्यांनी आम्हांस चार कांड्या दिल्या. (फादर पान खाऊ लागले, अशी आवई त्या दिवशी उठली होती, तिचा खुलासा येथेच करून टाकतो.) आम्ही त्या धर्मगुरुनिवासाच्या मागे लावल्या आणि मोठ्या मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. पाने पिवळी पडली, तसे आणखी घातले. महिन्याभरात बुडखे कुजले व चारांपैकी तीन वेल बसले. आबा आले, त्यांनी चिमूटभर माती उचलून नाकाशी धरली आणि म्हणाले, "फादर, हिला ओल पाहिजे, डबकं नको. मुळालाबी श्वास लागतो."

हे वाक्य ऐकताना आम्हांस आपल्या धर्मग्रामातील किती तरी घरे आठवली. मुलाने उसनवारी केली की आई चोरून फेडते. मुलगा नापास झाला की बाप मास्तरांशी भांडायला निघतो. मुलीला घरातली एक गोष्ट स्वतःच्या विचाराने ठरवू देत नाहीत, आणि मग ती सासरी गोंधळली की तिलाच बोल लावतात. याला आपण माया म्हणतो. मायाच ती, पण मुळाशी साचलेली. दुसरीकडे असेही बाप आहेत, की जे आधाराच्या झाडाप्रमाणे उभे राहिले खरे, परंतु आपली फांदी कधी छाटलीच नाही. मळेकरी शेवरीच्या फांद्या वेळोवेळी उतरवितो, कारण सावली फार दाट झाली तर खालचे पान वाढत नाही. अशा झाडाखालचा मुलगा चाळिशीतही वडिलांना विचारल्यावाचून बैल विकू शकत नाही.

आता जरा मळ्याबाहेर. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, तसा आपल्या तालुक्याचा चेहरा पालटत गेला. ऊस वाढला, द्राक्षबागाही वाढल्या. प्रभू येशूने स्वतःस द्राक्षवेल म्हटले व पिता फांद्या छाटतो असे सांगितले, ते आपण दरवर्षी ऐकतो. त्याच्या देशात हिवाळ्यात वेल झोपी जाते व वर्षातून एकदा छाटली जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. म्हणून आपले बागायतदार तिला दोनदा छाटतात, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. एप्रिलची छाटणी फळासाठी नव्हे. तिच्यातून निघते ती काडी. पण ऑक्टोबरानंतर जो घड बाहेर पडतो, त्याची घडण त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच होऊन बसलेली असते. दहा वर्षांच्या मुलाला रात्रीच्या प्रार्थनेस बसविताना, खरे बोलावयास लावताना, हाती काही येत नाही म्हणून कंटाळणाऱ्या आईबापांनी एप्रिलातली बाग एकदा पाहून यावी.

असो. आम्हांस सांगायचे आहे ते उतरणीविषयी.

वेल चढत जाते. मळेकरी ती लव्हाळ्याने अलगद बांधीत जातो. पाने खुडली जातात, खालचा वेल उघडा, काष्ठवत होतो. सारा जोर शेंड्याला. हात पुरेनासा होतो आणि पानही बारीक पडू लागते. दिसायला वेल उंच, परंतु ती मुळापासून दूर गेलेली असते. मग मळेकरी बंध सोडतो, वेल झाडावरून खाली घेतो, उघड्या पडलेल्या वेलीचे वेटोळे करून बुंध्याशी मातीत पुरतो, आणि केवळ शेंडा पुन्हा झाडाला बांधतो. पुरलेल्या पेरापेराला नवी मुळे फुटतात व जुनी वेल तरणी होते. आम्ही पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आम्हांस वाटले, मळा मोडला. वाढलेली वेल कोणी खाली ओढतो काय? आबा हसले. "उतरली नाही, तर वाळंल," एवढेच म्हणाले.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका मनुष्याविषयी आम्ही वेदीवरून बोललो होतो. नाव घेतले नव्हते. पण घ्यावयाचे उरले तरी काय होते? त्याने भावाशी बांधावरून भांडण केले होते व त्याचा दोषही होता. परंतु आमच्या शब्दांत धार होती, ती सुधारण्यासाठी नव्हे, जिंकण्यासाठी. तो मनुष्य मिस्सेला येईनासा झाला. त्याची बायको मागच्या रांगेत, मान खाली घालून बसे. आम्ही स्वतःची समजूत घालीत होतो की, खऱ्याला कटू लागतेच. आमची प्रवचने चढत होती, लोक वाखाणत होते; आणि खाली वेल उघडा पडला होता.

लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून धनी तोड म्हणतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. आम्ही तो दयेचा दृष्टान्त म्हणून पुष्कळदा सांगितला. पण तो माळी नुसती रदबदली करीत नाही; भोवती खणण्याचे व खत घालण्याचे कष्ट तो स्वतःच्या अंगावर घेतो. आम्ही त्या मनुष्याभोवती एक कुदळही मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो अंगणात विळ्याला धार लावीत होता. उभ्या-उभ्याच आम्ही म्हटले की, आमचे चुकले, आणि जे सर्वांसमक्ष बोललो ते सर्वांसमक्ष मागे घेऊ. त्याने वर पाहिले नाही. त्याच्या बायकोने चहा दिला. तो आम्ही प्यालो व परतलो. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून तसे बोललोही. घरून निघताना पाय जड झाले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. भावांचा बांध अद्याप सुटलेला नाही, आणि तो मनुष्य अद्याप मिस्सेला आलेला नाही.

परंतु आमच्या परसातला तो चौथा वेल जगला होता, आणि झाडाच्या माथ्यापर्यंत जाऊन पोहोचला होता. गेल्या महिन्यात एके सकाळी तो मनुष्य फाटकाशी उभा दिसला. काखेत भिजविलेल्या लव्हाळ्याची पेंढी. काही न बोलता तो आत आला, वेल खाली घेतला, वेटोळे केले, माती ओढली, शेंडा बांधला. आम्ही शेजारी बसून त्याच्या हाती एकेक बंध देत होतो. काम झाल्यावर हात झटकीत तो म्हणाला, "आज पाणी घालू नका, फादर. उद्या मी येऊन बघतो."