फुप्फुसाचा कर्करोग आणि किरणांचा हिशेब



मी कलाशाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत. त्यामुळे या विषयातला हिशेबच मला अधिक भावला. फुप्फुसाच्या कर्करोगावर पुष्कळदा एकूण ६० ग्रे किरणमात्रा देतात. रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, ६ आठवडे. रामटेकच्या रुग्णाला नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी ३० खेपा घालाव्या लागतात.

पूर्वी ही मात्रा काढताना शरीर जणू पाण्याचेच आहे असे धरीत. फुप्फुसात तर हवा! त्याची घनता पाण्याच्या जेमतेम पाव ते एकतृतीयांश. किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन तिथे दूर पांगतात आणि गाठीच्या कडेला कागदावरच्यापेक्षा कमी मात्रा पोचते. म्हणजे खातेवहीत जमा, तिजोरीत तूट! रोग तिथेच उरू शकतो. सरसकट मात्रा वाढवावी, तर शेजारी हृदय आणि मज्जारज्जू. आता सी.टी. स्कॅनवरून जागोजागची घनता घेऊन ‘मॉन्टे कार्लो’सारख्या पद्धतीने हिशेब करता येतो. श्वासागणिक गाठ हलते, तेही त्यात धरावे लागते.

हा हिशेब वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतात. आपली हुशार मुले डॉक्टर-इंजिनियरपलीकडे बघतच नाहीत. एम.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आहे.