पोटातले बाळ आणि पदराआडचे मूल

(एका कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



सातवा महिना लागला की आपल्या घरांतून डोहाळेजेवणाची तयारी सुरू होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, पाच-सात सुवासिनी, आणि शेवटी तो परिचित खेळ. दोन वाट्या झाकून ठेवायच्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. गर्भवतीने त्यांतील एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळच तो, त्यात कोणी खरोखर भविष्य पाहत नाही. परंतु पेढा निघाला की टाळ्या पडतात, आणि बर्फी निघाली की क्षणभर थांबून कोणीतरी समजुतीच्या सुरात ‘असू दे, असू दे’ म्हणते.

पहिल्या खेपेस हा खेळ पाहणारी सारी मोठी माणसे असतात. दुसऱ्या खेपेस मात्र आईच्या गुडघ्याला बिलगून साडेतीन वर्षांची एक मुलगी बसलेली असते. टाळ्या कशाला पडल्या आणि कशाला पडल्या नाहीत हे ती पाहते. बर्फी म्हणजे मुलगी, आणि मुलगी म्हणजे आपण, एवढे गणित त्या वयाला सहज उलगडते. गर्भावर संस्कार व्हावेत म्हणून ज्या घरात श्लोकांच्या ध्वनिफिती लावल्या जातात, त्याच घरात या दुसऱ्या श्रोत्याची आठवण कोणाला राहत नाही. दुसऱ्या अपत्याच्या प्रतीक्षेचे नऊ महिने पोटातल्या बाळाचे असतात, तितकेच ते पदराआडच्या मुलाचेही असतात. किंबहुना, त्या नऊ महिन्यांतील घराचे बोलणे आणि वागणे समजून घेऊन आयुष्यभर लक्षात ठेवणारे मूल पोटाबाहेरचे असते.

‘बाळ’ या नावाची वाटणी

तीन-साडेतीन वर्षे त्या घरात ‘बाळ’ एकच असते. बाळ जेवले का, बाळ झोपले का, बाळाची चप्पल कुठे आहे. मग एके दिवशी आई-वडील बातमी सांगतात आणि तेच नाव पोटाकडे जाते. ‘आईच्या अंगावर उडी मारू नकोस, बाळाला लागेल.’ ‘ओरडू नकोस, बाळ दचकेल.’ कालपर्यंत जिला बाळ म्हणत, तिलाच आज बाळापासून जरा दूर राहण्यास सांगितले जाते. ताईपणाचे पद तिने मागितलेले नसते. ते तिला एका संध्याकाळी बहाल होते आणि त्या पदाची पहिली खूण म्हणून आईची मांडी सुटते.

मग तक्रारी सुरू होतात. सुटलेली सवय परतते, अंथरूण ओले होते. स्पष्ट बोलणारी मुलगी बोबडे बोलू लागते, दुधाची बाटली मागते, आईचा पदर सोडीत नाही. घरातली माणसे म्हणतात, ‘नाटके करते.’ कोणी म्हणते, ‘आतापासूनच मत्सर!’ बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मात्र हे स्वाभाविक मानतात. मूल आपल्या परीने एक प्रश्न विचारीत असते: माझी जागा अजून आहे ना? या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देता येत नाही. ते वागण्यातूनच द्यावे लागते.

त्यासाठी काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. थोरलीला आजीजवळ झोपवायचे असेल, शाळेत घालायचे असेल, तर ते बाळंतपणाच्या तोंडावर करू नये. दोन-तीन महिने आधीच करावे, नाहीतर बाळ घरात रुळल्यावर करावे. एकाच आठवड्यात आईची कूस गेली, अंथरूण बदलले आणि शाळेचे दार उघडले, तर या साऱ्या दुःखांचे कारण म्हणून ती त्या नव्या जिवाकडेच बोट दाखवील. आणि तिच्या दृष्टीने ते खरेही असेल.

आपल्या घरांतील एक जुनी रीत येथे उपयोगी पडते. नव्या बाळाला कोरे कपडे न घालता वापरून मऊ झालेली झबली घालावयाची. ट्रंकेतून ती काढताना थोरलीला शेजारी बसवावे. ‘हे तुझे झबले. एवढीशी होतीस तू. हे दुपटे पणजीच्या लुगड्याचे.’ आजीने सांगावे, तिने घड्या घालाव्यात. जिच्याकडून काहीतरी काढून घेतले जात आहे असे तिला वाटत होते, ती या क्षणी देणारी होते. हा फरक लहान नाही.

काठोकाठ भरलेले पात्र

गर्भवतीची काळजी कशी घ्यावी हे सांगताना चरकसंहितेत एक सुंदर उपमा आली आहे: काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र न हिंदकळता न्यावे, तसे तिला जपावे. पात्र नेणारे हात दुसऱ्यांचे आहेत, हे या उपमेत गृहीत आहे. सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले. दुसऱ्या खेपेच्या गर्भिणीच्या बाबतीत तिसरेही एक हृदय मोजावे लागते. ते तिच्या कडेवर असते आणि त्याचे वजन चौदा किलो असते.

पहिलटकरणीला घर पाटावरून उठू देत नाही. दुसऱ्या खेपेस ‘तिला आता सगळे ठाऊक आहे’ या एका वाक्यावर सारी काळजी आवरती घेतली जाते. पहिल्या खेपेस लोहाच्या गोळीची आठवण पती करून देत असे. या खेपेस ती पट्टी शीतकपाटावर तशीच पडलेली असते. वास्तविक दुसऱ्या खेपेसच शरीरातील साठा अधिक उणा असण्याचा संभव असतो, विशेषतः दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल तर. म्हणूनच एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान चोवीस महिने जाऊ द्यावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये केली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. लोह व फॉलिक आम्लाची गोळी गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा शासकीय कार्यक्रमाचा दंडक आहे. ती चहाबरोबर घेऊ नये. लिंबू वा आवळा सोबत असल्यास लोह अंगी लागते. एवढे ज्ञान घरातल्या प्रत्येक पुरुषाला असावयास हरकत नाही. ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त दर महिन्याच्या नऊ तारखेला शासकीय केंद्रांवर विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. तपासणी दुसऱ्या खेपेसही तितकीच आवश्यक असते. आधीचे बाळंतपण सुखरूप झाले म्हणून पुढचे तसेच होईल, अशी हमी कोणताही वैद्य देत नाही.

सुभद्रेची झोप

गर्भसंस्काराचा विषय निघाला की अभिमन्यूची कथा सांगितली जाते. लोकांत प्रचलित असलेल्या कथेप्रमाणे सुभद्रेला चक्रव्यूहाचा भेद सांगितला जात असताना तिला झोप लागली, आणि बाहेर पडण्याची विद्या गर्भाच्या कानी आलीच नाही. ही कथा ऐकणाऱ्याच्या मनात कळत-नकळत सुभद्रेविषयी किंचित रुखरुख राहते. ती जागी राहती तर?

परंतु गर्भवतीला झोप येणे हा अपराध नव्हे; ती तिच्या देहाची मागणी आहे. आजच्या घरातील सुभद्रा पहाटे उठते, डबे करते, थोरलीला तयार करते, लोकलच्या गर्दीतून कार्यालय गाठते, सायंकाळी परतताच पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. दुपारी पाठ टेकावी तर सुट्टीच्या दिवशीही ‘आई, गोष्ट सांग’ म्हणून कोणीतरी पापण्या उघडीत असते. अशा वेळी त्या घरातील श्रेष्ठ गर्भसंस्कार कोणता? थोरलीचे बोट धरून तासभर बागेत नेणारे आजोबा, हाच. पतीने रात्रीची भांडी घासली, थोरलीला अंघोळ घातली आणि झोपताना तिची वेणी सोडून दिली, तर त्यात आईला विश्रांती मिळते आणि मुलीला बाबा मिळतात. पुढे बाळाच्या धबडग्यात आई गुंतली असता हाच बाबा थोरलीचा आधार होणार असतो. त्याची ओळख बाळंतपणाच्या रात्री करून देऊन चालत नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला सार्वत्रिक रिवाज. दुसऱ्या खेपेस थोरलीची शाळा असते, आणि पुष्कळदा सारे सासरीच पार पडते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, शेक, मालिश हे सारे सासूच्या हाती येते. सून आणि सासू यांच्यात जे काही अवघडलेपण उरलेले असते, ते या सव्वा महिन्यात विरघळते किंवा कायमचे गोठते. ‘आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यातही विहिरीवरून पाणी आणले’ हे वाक्य ज्या सासूने गिळले, तिने मोठा संस्कार केला असे म्हणावे लागेल.

आपण शिवनेरीचे नाव अभिमानाने घेतो. थोरले संभाजीराजे लहान असताना जिजाबाईंना पुन्हा दिवस गेले. गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांतच, जुलै १६२९ मध्ये, देवगिरीवर त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात हत्या झाली. मुलूख धुमसत होता. त्या काळात त्यांच्यासाठी शिवनेरीसारखा बळकट गड निवडला गेला, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी तेथे शिवराय जन्मले. मातेच्या तेजाचे वर्णन सारे करतात. त्या तेजाभोवती उभ्या केलेल्या तटाचा विचार कमी होतो. चिंतेच्या दिवसांत मातेसाठी सुरक्षित जागा शोधणे, हा शिवनेरीवरील पहिला संस्कार होता. आजच्या दोन खोल्यांच्या घरातही असा तट उभा करता येतो. त्याचे दगड म्हणजे दुपारची तासभर झोप, वेळेवर गोळी आणि न बोललेला टोमणा.

स्वयंपाकघरातले बोलणे

आता जो विषय सभेत टाळला जातो, त्याकडे वळणे भाग आहे. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेची बातमी कळताच एक अपेक्षा हवेत तरंगू लागते. कोणी उघड म्हणत नाही. ‘आता चौकोन पूर्ण होऊ दे’, ‘राखी बांधायला कोणीतरी हवेच की’ अशा शब्दांत ती व्यक्त होते. लहान मुलांच्या तोंडून खरे निघते म्हणून थोरलीलाच विचारले जाते, ‘काय गं, भाऊ हवा की बहीण?’ ‘भाऊ’ म्हटले की तिला खाऊ मिळतो.

या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींचे टोक कुठे पोहोचते, हे जनगणनेने दाखविले आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या; २००१ मध्ये ९१३ झाल्या, आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्रच, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही संख्या घसरली. ही घसरण अडाणी वस्त्यांतून आली असे समजून सुशिक्षितांनी हात झटकू नयेत. तपासणीचे यंत्र जेथे पैसा होता तेथेच आधी पोहोचले. कायद्याचा हात सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत जातो. स्वयंपाकघरात जे बोलले जाते, तेथे तो पोहोचत नाही. तेथे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच पोहोचावयास हवे.

मूल मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, हे शाळेतील पुस्तकात आहे. तरी दुसरी मुलगी झाली की नजरा मातेकडे वळतात. त्या नजरांचा भार ती नऊ महिने आधीपासून वाहत असते. आणि तिच्या शेजारी बसलेली थोरली मनाशी नोंद करीत असते की, आपण आलो तेव्हा या घराचे काहीतरी अपुरे राहिले होते. हा संस्कार पुसण्यास पुढे कोणताही श्लोक पुरत नाही.

पहिली भेट

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी थोरली रुग्णालयात येते. त्या वेळी बाळ पाळण्यात असावे आणि आईचे दोन्ही हात मोकळे असावेत. आधी थोरलीला जवळ घ्यावे. मग दोघींनी मिळून पाळण्यात पाहावे. बाळंतविडा घेऊन येणाऱ्यांनी आधी थोरलीची चौकशी करावी. बारशाला आत्या कानात नाव सांगते. पाळण्याची दोरी मात्र थोरलीच्या हाती द्यावी. भावंड ‘पाठीवर’ येते, असे आपली भाषा म्हणते. आलंदीच्या चार भावंडांत थोरले निवृत्तिनाथ धाकट्या ज्ञानदेवांचे गुरू झाले, आणि सर्वांत धाकटी मुक्ताई वेळप्रसंगी ज्ञानदेवांनाही समजावणारी झाली. थोरपण आणि धाकुटेपण यांचे इतके निर्मळ नाते ज्या भूमीत नांदले, तेथे थोरल्या मुलाला आई वाटून घ्यावी लागते याचे दुःख जपून हाताळण्याची रीतही असावयास हवी.

शेवटी पुन्हा त्या दोन वाट्यांकडे वळू. पुढच्या डोहाळेजेवणात हा खेळ बंद करावा असे सांगण्याचा हेतू नाही. उत्सवातून आनंद वजा केला की उरते काय? एवढेच करावे: दोन्ही वाट्यांत पेढा ठेवावा, आणि वाटी थोरलीला उघडू द्यावी. जी उघडेल तीत पेढाच निघेल. टाळ्या पडतील, आणि त्या टाळ्यांत तिला स्वतःचाही वाटा ऐकू येईल.